चाल माही

पांढुर्ण्याच्या स्टेशन रोडवर गुलाब सोमकुवर पानठेल्यापाशी उभा होता, गजानन मिस्त्रीसाठी पान बांधून घेत होता. पाठीमागून एक मोटारसायकल गेली आणि मान वळवायच्या आधीच त्यानं ती ओळखली. गाडी त्यानं पाहिली नव्हती, नुसती ऐकली होती. तिसरा गिअर असा ताणलेला, की आता बदलेल, मग बदलेल, आणि बदलणारा काही बदलत नव्हता. आवाज चढत चढत टॉकीजपर्यंत गेला, तिथून वळला, परत आला, तेव्हा गाडी दिसली. लाल टाकी, कोरी, अजून नंबर न लागलेली. वर हेमंत, डोळ्यांना काळा चष्मा. मागे एक दोस्त बसवलेला, दोस्ताच्या मांडीवर संत्र्यांची पिशवी. हेमंतनं गुलाबला पाहून हात केला. गुलाबनंही केला. माणसाचा हात असाच असतो, मन काही म्हणो, तो आपला वर जातो. पानवाल्यानं विचारलं, चुना किती, आणि गुलाब म्हणाला, सहाशे चाळीस. पानवाला हसला. गुलाब हसला नाही, कारण त्याच्या डोक्यात तेव्हा दुसरा आकडाच नव्हता.

सहाशे चाळीस किलोमीटर झाले होते, हजार व्हायचे होते. नवं इंजिन म्हणजे काय, हे ज्यानं कधी रनिंग काढलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. पिस्टन नवा, सिलिंडर नवं, दोघांची अजून ओळख नाही. हजार किलोमीटरपर्यंत काटा चाळिसाच्या वर न्यायचा नाही, मूठ पिळायची नाही, पेट्रोलमध्ये ऑइल जरा जास्तीचं टाकायचं. दर वीस किलोमीटरला एखादं झाड पाहून थांबायचं, इंजिनावर हात ठेवता येईल इतकं ते निवू द्यायचं, आणि मग पुन्हा निघायचं. घाई केली की पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरला धरतो. धरला की मागचं चाक जागच्या जागी अडकतं, आणि वर बसलेला माणूस कुठे जाऊन पडेल ते देव जाणे. गुलाबचं घर सौंसरला, नोकरी पांढुर्ण्याला, भाऊरावांच्या मोटारसायकल एजन्सीत. त्यामुळे जाता-येता रनिंग आपोआप निघायचं. शर्यतीत गाडी उडवणारा हा गडी, पण त्या रस्त्यावर दूधवाल्यांच्या सायकली त्याच्या बरोबरीनं चालायच्या. कापसाच्या बंडीवरचे लोक ओरडायचे, काय गुलाबभाऊ, गाडी माहेरी चालली का. तो नुसती मान हलवायचा. सकाळी संत्र्यांच्या बागांतून गार वारा यायचा, मांडीला इंजिनाची ऊब लागायची, आणि त्या उबेतून त्याला रोज थोडं थोडं समजत जायचं, आज ती जरा मोकळी झाली, आज चढावर कुरकुरली, आज उतारावर गप्प राहिली. भाऊरावांच्या टीमसाठी त्यानं असं रनिंग काढलेलं हे तिसरं इंजिन. तीन मोसम, तीन इंजिनं, आणि तिन्ही हेमंतची. हेमंत भाऊरावांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. टीममध्ये स्वार दोनच, अकरा नंबर हेमंत आणि बारा नंबर गुलाब. रनिंग झालं की किल्ली हेमंतकडे जायची, आणि गुलाब आपल्या जुन्या गाडीवर. पण मध्येच कोणी किल्ली उचलून नेली, असं आजपर्यंत झालं नव्हतं.

खोटं कशाला बोला, हेमंत चालवायला वाईट नव्हता. वळणावर गुडघा टाकायचा तो पाहत राहावं असा. बोलायलाही गोड. गुलाबहून पाच वर्षांनी लहान, पण गुलाब त्याला हेमंतभाऊ म्हणायचा आणि हेमंत त्याला नुसतं गुलाब. हे कोणी ठरवलं नव्हतं. पहिल्या दिवशी तोंडातून जे निघालं ते तसंच राहिलं. भाऊरावही काही राक्षस नव्हते. सौंसरच्या बसस्टँडमागे पंक्चर काढणाऱ्या एका पोराच्या हाती त्यांनीच पहिली गाडी दिली होती, छिंदवाड्याच्या शर्यतीत त्यांनीच उभं केलं होतं, आणि त्याच्या बायकोच्या, वत्सलेच्या, बाळंतपणात जीप त्यांनीच पाठवली होती. तू माह्या पोटचाच आहेस, असं ते चारचौघांत म्हणायचे. पोटचा असणं आणि बहिणीच्या पोटचा असणं यांत काय फरक आहे, तो गुलाबला गेल्या दिवाळीनंतर नागपूरच्या मैदानावर कळला. शर्यतीच्या आधी भाऊरावांनी त्याला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं, मी टोपी काढली की तू बाजूला होय. बस एवढंच. त्यांच्या कपाळावर लहानपणी गोटमारीत, पांढुर्ण्याच्या त्या दगडफेकीच्या जत्रेत, लागलेल्या दगडाची खूण होती, टोपीखाली झाकलेली. आठव्या राऊंडला गुलाब सगळ्यांच्या पुढे होता, मागे हेमंत, आणि वळणावर त्याला ती खूण दिसली, उन्हात चमकणारी. त्यानं मूठ सैल केली. हेमंत पुढे गेला. लोकांना वाटलं सोमकुवर दमला. घरी येताना गाड्या नेणाऱ्या ट्रकमध्ये भाऊरावांनी त्याला स्वतःच्या हातानं संत्रं सोलून दिलं, आणि त्यानं ते खाल्लं. त्या संत्र्याची आठवण आली की अजूनही त्याच्या तोंडाला कडू चव यायची.

अशा वेळी त्याला बा आठवायचा. म्हणजे बा होताच घरी, जिताजागता, मोतीबिंदूनं दोन्ही डोळे दुधाळ झालेला. पण गुलाबला आठवायचा तो डोळस बा, चिंधू सोमकुवर, ज्याच्या हातून शिकलेला गोऱ्हा पटावर कधी हरला नाही असं अख्खा तालुका म्हणायचा. पट म्हणजे बैलजोडीची शर्यत. हलकी छकडी, दोन बैल, वर हाकणारा धुरकरी, आणि दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती. मालगुजाराचे, म्हणजे गावच्या जमीनदाराचे, गोऱ्हे बा शिकवायचा. वर्ष वर्ष लागायचं. नदीच्या रेतीत चालव, अंगावर गोणपाट टाकून चालव, ढोल वाजवत चालव, पण मारायचं नाही, एक कोरडा नाही. पटाच्या दिवशी मालगुजाराचा पुतण्या पिवळा फेटा बांधून छकडीवर चढायचा, आणि बा त्याच्या हातात कासरा देऊन बाजूला व्हायचा. भोंग्यावरून नाव पुकारलं जायचं ते मालगुजाराचं. सहा-सात वर्षांचा गुलाब एकदा रडला होता, आपले बैल त्यांचे काहून म्हणतात म्हणून. बानं त्याला खांद्यावर घेतलं, गर्दीच्या वर, आणि धावणाऱ्या जोडीकडे बोट दाखवून म्हणाला, "बैल त्याचा हाये. चाल माही हाये." हे बोलताना त्याचा आवाज असा होता की पोराला वाटलं, सगळ्या मैदानात श्रीमंत माणूस आपला बाच आहे. हेच एक वाक्य गुलाबनं आयुष्यभर खिशात घालून वागवलं. किल्ली देताना ते मनात म्हणायचं, आणि नागपूरच्या वळणावरही मूठ सैल करताना त्यानं तेच म्हटलं होतं.

पण आज पानठेल्यावरून तो निघाला तेव्हा ते वाक्य काही कामी येईना. एजन्सीत पोचला तर गाडी परत येऊन उभी. इंजिनाला हात लावला, तो चटका बसून मागे आला. निवेपर्यंत तो तिथेच उकिडवा बसून राहिला, मग किक हातानं, हळूहळू, वरून खाली दाबली. मधोमध एका जागी ती किंचित अडली, लुगड्याला नख अडकावं इतकीच. दुसऱ्या कोणाला कळलंही नसतं. गजानन मिस्त्री त्याच्याकडे पाहत होता. मिस्त्रीचं तोंड पानानं भरलेलं होतं, म्हणून बोलला नाही, की बोलायचं नव्हतं म्हणून तोंड भरून ठेवलं होतं, कोण जाणे. हेमंत काउंटरपाशी आरशात भांग पाडत होता आणि त्याचा भांग काही केल्या संपत नव्हता. तेव्हाच गुलाबला समजलं की यालाही माहीत आहे. तो उठून भाऊरावांसमोर जाऊन उभा राहिला. तिथे चार गिऱ्हाइकं बसली होती. हे चौघांसमोर बोलायचं नव्हतं, ही त्याची चूक झाली. पण इंजिनासाठी जीव असा वर आला होता की त्याला चारचौघं दिसलेच नाहीत.

"मालक, पिस्टननं धरलं आहे. इंजिन खोलून पाहा लागते. रिंगा बदला अन् मले अजून चार-पाच दिवस द्या."

भाऊराव म्हणाले, रविवारी सौंसरला शर्यत, पुण्याच्या कंपनीचा माणूस स्वार निवडायला येऊन राहिला, दोघांतला एक नेणार आहे, अन् तू मले आज इंजिन खोलाले सांगतं. आवाजात राग नव्हता, समजूत घालणं होतं, आणि तेच जास्त लागलं. मग गुलाब जे खरं होतं ते बोलला. म्हणाला, मग रविवारी ही गाडी मला द्या आणि माझी जुनी हेमंतभाऊला द्या. माझी थोडी कमी पळते, पण धोका देत नाही. हिला मी सांभाळून नेईन, मला हिची सवय आहे. भाऊराव हळूच हसले.

"आता समजलं. एवढा मोठा चक्कर घेऊन आला बे. सरळ मागतली असती."

चारही गिऱ्हाइकं हसली. मिस्त्रीही हसला, पान सांभाळत. खरं बोलावं तर ते डाव वाटतं, असं माणसाचं होऊन बसतं, आणि ते एका दिवसात होत नाही. तीन मोसम त्यानं मान खाली घालून किल्ल्या दिल्या होत्या, म्हणून आज पहिल्यांदा त्याची मान वर झाली तेव्हा ती कोणाला ओळखू आली नाही. तो जुनी गाडी घेऊन निघाला. सौंसरच्या रस्त्यावर त्यानं ती अशी पळवली की बंडीवाल्यांना थट्टा करायलाही फुरसत मिळाली नाही. एरवी थांबायची ती सगळी झाडं मागे गेली, एकाखालीही तो थांबला नाही.

पुढचे दोन दिवस तो घरीच होता. शर्यतीच्या आधी भाऊराव सुट्टी द्यायचे. वत्सलेनं सगळं ऐकून घेतलं, तांदूळ निवडता निवडता. म्हणाली, तुमी सांगतलं ना त्यायले? झालं मंग. आता काही झालं त तुमच्या माथी नाही. सरळ हिशोब होता, आणि त्यात चूक काढता येत नव्हती. गप्प बसायचं. काहीसुद्धा करायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. रविवारी हेमंत नव्या गाडीवर बसेल, दोन-तीन राऊंड पुढे राहील, मग लांब सरळ पट्ट्यावर ते इंजिन धरेल. नागपूर, अमरावती, बैतूलचे जे दहाजण येणार होते त्यांना गुलाबची जुनी गाडीही भारी होती. पुण्याचा माणूस बारा नंबर लिहून घेईल. मग पुणे, कंपनीची टीम, अंगावर कंपनीचं जाकीट, पाठीवर सोमकुवर असं नाव, नवी गाडी स्वतःची, आणि तिचं रनिंग दुसरा कोणी काढेल. हे सगळं गप्प बसण्याच्या पलीकडे उभं होतं, आणि आयत्या बिळावरचा नागोबा बिळातच अडकणार होता. हा विचार आला की त्याला बरं वाटायचं. बरं वाटलं की लगेच लाज वाटायची. कारण डोळे मिटले की दिसायचा तो हेमंत नाही, पुणंही नाही, दिसायचं ते इंजिन. आतल्या आत घासत चाललेलं, आणि वरचा माणूस त्याचं ऐकत नाही. हेमंतची काळजी नव्हती असं नाही. चाक अडकून माणूस पडला तर मागून येणाऱ्या अकरा गाड्या त्याच्या अंगावरून जातील, हे गुलाबला कळत होतं. पण खरं सांगायचं तर आधी काळजी होती ती इंजिनाची. सहाशे चाळीस किलोमीटर त्यानं तिला गोऱ्ह्यासारखं चालवलं होतं, एक कोरडा न मारता.

शनिवारी दिवस कलताना तो बाच्या बाजेवर जाऊन बसला. बा बाहेर रस्त्याकडे तोंड करून बसला होता. दिसत काही नव्हतं, पण तोंड रस्त्याकडेच असायचं. म्हणाला, तुही नवी गाडी गुरुवारपासून आली नाही. गुलाब चकित झाला. बाला कसं कळायचं, नवी कोणती, जुनी कोणती? बा म्हणाला, नवी जाते ते मले समजते ना. तिचा पाय हलका पडते. मग गुलाबनं त्याला विचारलं, मनात कित्येक वर्षं होतं पण कधी ओठांवर आलं नव्हतं ते. विचारलं, बा, तुले कधी वाटलं नाही का, कासरा आपल्या हाती राहावा? रस्त्यावरून दोन बसेस गेल्या, एक नागपूरची, एक छिंदवाड्याची. मग बा म्हणाला, "रोज वाटे. तू लहान होता, रडत होता. तुले काहीतरी सांगा लागत होतं." एवढं बोलून त्यानं चिलमीसाठी हात पुढे केला. गुलाबनं चिलीम भरून दिली. खिशातलं वाक्य कोणीतरी हळूच काढून घेतलं असं त्याला वाटलं, आणि नवल म्हणजे, खिसा हलका झाल्याचं बरंही वाटलं.

रविवारी कापूस मंडीमागचं मैदान माणसांनी फुललं होतं. सौंसरचे लोक, पांढुर्ण्याहून ट्रक भरून आलेले लोक, सावरगावचे, झाडांवर चढलेले, जिनिंगच्या भिंतीवर बसलेले. वत्सलेनं बाला वळणापाशी सरकीच्या पोत्यावर बसवलं. पुण्याचा माणूस, पांढरी हॅट घातलेला, भाऊरावांच्या शेजारी खुर्चीवर. भाऊरावांची टोपी परीटघडीची, डोक्यावर घट्ट. पाण्याच्या ड्रमामागे गुलाब तोंडावर पाणी मारत होता तेव्हा हेमंत तिथे आला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. इकडेतिकडे पाहून म्हणाला, "गुलाबभाऊ, गुरुवारी तिनं दोनदा धरलं. मी मामाले सांगतलं नाही." आयुष्यात पहिल्यांदा त्यानं गुलाबला भाऊ म्हटलं होतं, आणि पुढे काय येणार ते गुलाबला कळलं. दोन्ही गाड्या लाल, दोन्ही एकाच बनावटीच्या. नंबराच्या पाट्या तेवढ्या बदलल्या की काठावरून कोणाला पत्ता लागणार नव्हता. चार बोल्ट. हेमंत नुसता बारा नंबरच्या पाटीकडे पाहत उभा राहिला. आता नाही म्हण, असं गुलाबच्या आत कोणीतरी म्हणालं. घोडामैदान समोरच आहे. नाही म्हण आणि सरळ पुण्याला जा. बदलून घेतलीस तर पळणारी, न धरणारी गाडी त्याची, आणि दुखावलेली तुझी, म्हणजे आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा. त्यानं हेमंतकडे पाहिलं. मग ट्रकच्या आडोशाला उभ्या असलेल्या नव्या गाडीकडे पाहिलं. मरायचीच असेल तर ती परक्या हाताखाली मरणार नाही, एवढंच त्याला कळलं, आणि हे कळताच छाती अशी भरून आली की दुसरं काही तिथे मावलंच नाही. गजानन मिस्त्रीला त्यानं बोलावलं. मिस्त्रीनं पान थुंकलं, पाना काढला आणि पाट्या बदलल्या.

झेंडा पडला. सुरुवातीला गुलाब मागेच राहिला, सहावा, सातवा. दहा राऊंड होते. त्याची दोन बोटं क्लचच्या दांडीवर टेकलेली होती, आणि ती शेवटपर्यंत तिथून हलली नाहीत. कान पोटात होते, तिच्या पोटात. सरळ पट्ट्यावर मूठ पिळायची, पण पट्टा संपायच्या थोडं आधीच सोडायची, तिला एक श्वास घेऊ द्यायचा. तेवढ्यात दुसरे पुढे जायचे, जाऊ द्यायचं. ती दम खाऊन वळणातून बाहेर पडली की तिचा पाय खरंच हलका पडायचा, बा म्हणाला तसा, आणि मग एकेकाला मागे टाकायचं. धूळ दातांत कचकचत होती. तिसऱ्या राऊंडला तिचा आवाज एकदा कोरडा झाला, नख अडकल्यासारखा. त्यानं मूठ सोडली, मांड्यांनी तिला दाबून धरलं आणि मोठ्यानं बोलला, हो हो हो, आईओ, हो, जसा बा गोऱ्ह्याशी बोलायचा. ती सावरली. चौथ्याला तो चौथा होता, सहाव्याला दुसरा. पुढे हेमंत होता, गुलाबच्या जुन्या गाडीवर, जीव तोडून चालवत. आणि त्याच्या लाल पाठीकडे पाहताना गुलाबला राग आला नाही. त्याला वाटलं, दोन्ही माझ्याच आहेत, हीपण आणि तीपण. पुढे काय, मागे काय, या मैदानावर आज माझीच चाल धावते आहे. सातव्याला वळणाच्या आतून तो हेमंतच्या पुढे गेला, आणि सौंसरच्या लोकांनी आरोळी दिली ती त्याला हेल्मेटमधूनही ऐकू आली.

आठव्या राऊंडला त्याला कपाळ दिसलं. भाऊराव खुर्चीवरून उठले होते, टोपी हातात होती, आणि गोटमारीची ती खूण उन्हात चमकत होती. त्यांना पाट्यांचं काही ठाऊक नव्हतं. त्यांच्या लेखी बारा नंबर पुढे होता आणि अकरा मागे, आणि पुण्याचा माणूस पाहत होता. मूठ सैल करायला हात आपोआप निघाला, जसा गुरुवारी पानठेल्यावर वर गेला होता. माणसाचा हात असाच असतो. पण या खेपेला गुलाबनं त्याच्याकडे पाहिलं, स्वतःच्याच हाताकडे, रबरावर घट्ट बसलेल्या पाच बोटांकडे, आणि तो हात जागीच राहिला. नवव्या राऊंडला भाऊराव टोपी हलवत होते, माशा हाकलल्यासारखी. लोकांना वाटलं ते सोमकुवरला शाबासकी देताहेत, म्हणून लोकांनीही टोप्या, दुपट्टे हलवायला सुरुवात केली. गुलाबला हेल्मेटच्या आत हसू आलं. रोज वाटे, असं बा म्हणाला होता. रोज.

शेवटचा सरळ पट्टा होता. शंभर पावलं राहिली होती, आणि तिचा आवाज कोरडा झाला. या वेळी नख नव्हतं, सुरीच होती. मूठ सोडून भागणार नव्हतं. त्याच्या दोन बोटांनी क्लच दाबला, डोक्याला विचारल्याशिवाय, आणि पायांखालचा आवाज एकदम बंद पडला. इंजिन गप्प, गाडी मात्र धावते आहे, नुसत्या वेगावर. मातीवर चाकांची सरसर, मागून हेमंतच्या गाडीचा आवाज वाढत वाढत कानाजवळ आलेला. तो टाकीवर आडवा झाला. आयुष्यात कधी इतकी शांतता त्यानं ऐकली नव्हती. काळा-पांढरा झेंडा डोक्यावरून गेला तेव्हा हेमंतचं चाक त्याच्या मांडीशी होतं. अर्ध्या चाकानं, असं नंतर भोंग्यावरून सांगितलं, आणि नाव पुकारलं ते गुलाब चिंधूजी सोमकुवर, सौंसर.

भाऊराव आले तेव्हा टोपी हातातच होती. काय बोलणार होते कोण जाणे, पण हेमंत मध्ये आला. हेल्मेट काढून, सगळ्यांसमोर म्हणाला, मामा, नवी गाडी गुलाबभाऊपाशी होती, मीच देल्ली, मीच ती तापवून बिघडवली होती. पुण्याचा माणूस गाडीपाशी वाकला, किक दाबून पाहिली, ती तसूभर हलली नाही. तो बराच वेळ तसाच वाकून राहिला. मग उठून त्यानं विचारलं, बारा नंबर पुण्याला कधी येऊ शकतो? भाऊरावांनी टोपी डोक्यावर घातली, नीट बसवली आणि म्हणाले, आमचाच पोरगा आहे, म्हणाल तेव्हा येईल. सवयीनं त्यांनी हातही पुढे केला, किल्लीसाठी. गुलाबनं किल्ली दिली. आज ती देताना त्याला मनात काही म्हणावं लागलं नाही.

वत्सला बाला हाताला धरून गर्दीतून घेऊन आली. म्हातारा चाचपडत गाडीपर्यंत पोचला. टाकीवरून हात फिरवला, मग खाली, इंजिनापाशी, जवळ नेऊन न टेकवता. तापली हाये, म्हणाला. मग म्हणाला, आखरीले सोडलं तू तिले. गुलाब हो म्हणाला. बा म्हणाला, नसतं सोडलं त मेला असता. गुलाब पुन्हा हो म्हणाला. लोक भोवती जमले होते, भाऊराव होते, पुण्याचा माणूस होता, हेमंत होता. म्हाताऱ्यानं ते दुधाळ डोळे वर केले आणि विचारलं, जसं काही त्याला ठाऊकच नव्हतं,

"कासरा कोणाच्या हाती होता?"

"माह्या, बा."

म्हाताऱ्यानं मान डोलावली. मग माणसांचा आवाज जिकडून येत होता तिकडे, भाऊरावांच्या बाजूला, त्यानं तोंड वळवलं आणि म्हणाला, "पुन्हा सांग."

गुलाबनं पुन्हा सांगितलं.